अंगणातील कोरफड आणि ताटातील अन्न

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्या सभेत वैद्यकीय व आहार विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी यंदा आम्हांला ‘कोरफड व इतर नैसर्गिक पदार्थांचा दैनंदिन आरोग्यासाठी उपयोग’ हा विषय सुचविण्यात आला. विषय लोकप्रिय आहे. प्रत्येक घरात त्यावर कोणी ना कोणी अधिकारवाणीने बोलू शकते. आम्हीही तो आनंदाने स्वीकारला, पण टिपणे काढावयास बसलो तेव्हा ध्यानी आले की, या विषयाशी आमच्या रुग्णालयाचा एक जुना हिशेब चुकता व्हावयाचा राहून गेला आहे. आज आपणां सर्वांसमोर तो मांडण्याची संधी घेत आहोत.

२०१४ सालच्या वर्धापनदिनी आपल्या रुग्णालयाने आलेल्या प्रत्येक पाहुण्यास कोरफडीचे एक रोप भेट दिले होते. त्या रोपांचा संपूर्ण खर्च एका देणगीदारांनी उचलला होता. रोपासोबत एक छोटे पत्रक होते आणि ते आम्हीच लिहिले होते. त्यात केसांसाठी, त्वचेसाठी, भाजलेल्या जागेसाठी असे उपयोग देऊन शेवटी एक वाक्य होते : ‘रोज सकाळी अनशापोटी कोरफडीचे एक पान सेवन करावे.’ पान सोलावे की नाही, त्यातून वाहणाऱ्या पिवळ्या चिकाचे काय करावे, कोणी हा प्रयोग करू नये, यांतले एकही अक्षर त्या पत्रकात नव्हते. वाक्य सुटसुटीत दिसत होते, म्हणून ते तसेच छापले गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आमच्या तातडीच्या विभागात आले. पायांतले त्राण गेलेले, नाडी अनियमित, चेहरा ओढलेला. हृदयविकारासाठी त्यांना डिगॉक्सिन आणि लघवी अधिक होण्याची गोळी चालू होती. रक्ततपासणीत पोटॅशियम फार उतरलेले आढळले. जुलाब किती दिवस होत आहेत, असे विचारले असता ते म्हणाले, “जुलाब नव्हेत ते, पोट साफ होतंय. तीन आठवडे झाले.” त्यांच्या सूनबाईंनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून आमच्यासमोर ठेवला. ते आमचेच पत्रक होते. आजोबांनी त्यावर भरवसा ठेवून रोज एक अख्खे पान सालीसकट वाटून घेतले होते.

सुदैवाने ते पाचव्या दिवशी पायी चालत घरी गेले. जाताना त्यांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही, उलट सर्वांचे आभार मानले. ते आभार आम्हांस आजतागायत बोचत आहेत. कपाटात उरलेली पत्रके त्याच दिवशी नष्ट केली; परंतु घरोघर गेलेली परत कशी आणावी, हे त्या वेळी सुचले नाही, आणि पुढे रोजच्या धबडग्यात ते राहून गेले. म्हणून आजच्या व्याख्यानाचा पहिला भाग म्हणजे त्या पत्रकाची दुरुस्ती आहे, असेच आपण समजावे.

कोरफडीचे पान आपण सर्वांनी हातात घेतले आहे. पण ते कापून निरखून पाहिलेले थोडेच असतात. बाहेर जाड हिरवी साल. सालीच्या अगदी लगत बारीक नलिका असतात आणि त्यांतून कडू, पिवळसर चीक वाहतो. त्याच्या आत काचेसारखा पारदर्शक गर. म्हणजे एकाच पानात दोन अगदी वेगळे पदार्थ शेजारी नांदत असतात. गर हा बहुतांशी पाणीच असतो, शंभरात अठ्ठ्याण्णव भागांहून अधिक. उरलेल्या अल्प भागात त्याला बुळबुळीतपणा देणारी बहुशर्करा, थोडे क्षार व इतर द्रव्ये. चिकाची गोष्ट निराळी. त्यात अ‍ॅलोइन नावाचे तीव्र रेचक द्रव्य असते. ते मोठ्या आतड्याला डिवचते, पाणी व क्षार शरीराबाहेर काढते. हाच चीक आटवून, वाळवून जो काळा खडा तयार होतो त्याला आपल्याकडे काळा बोळ म्हणतात. जुन्या घरांतून तो जपून ठेवलेला असे आणि जाणती बाई तो किती उगाळावा हे सांगत असे. तिच्या लेखी तो औषध होता आणि औषधाला मात्रा असते, हे तिला कोणी शिकवावे लागत नव्हते. आम्ही पत्रकात ‘एक पान’ लिहिले तेव्हा ती मात्रा आम्ही विसरलो.

जुलाब होऊन पोट साफ झाल्याचे समाधान मिळते, हे खरे. पण त्यासोबत पोटॅशियमही वाहून जाते. निरोगी तरुणाला एखादा दिवस ते सोसेल. ज्यांना लघवीच्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन चालू आहे, त्यांच्या हृदयाचा ठेका त्यामुळे बिघडू शकतो. आमच्या आजोबांचे नेमके तेच झाले होते. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी तर हा चीक पोटात घेऊच नये.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा चीक वगळला. तो सुरक्षित असल्याची पुरेशी माहिती उत्पादकांनी सादर केलेली नव्हती. पुढे उंदरांच्या वर्गातील प्राण्यांवर दोन वर्षे चाललेल्या प्रयोगात, चीक न काढलेल्या संपूर्ण पानाच्या अर्कामुळे मोठ्या आतड्यात गाठी झाल्याचे दिसले. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा अर्काचा समावेश ‘माणसात कर्करोग निर्माण करण्याची शक्यता असलेल्या’ पदार्थांच्या गटात केला. त्याविषयीचा ग्रंथ २०१६ साली प्रसिद्ध झाला. हे ऐकून कोणी घाबरून जाऊन अंगणातली कुंडी फेकून देऊ नये. हा निष्कर्ष सालीसकट, चिकासकट अर्काविषयीचा आहे, आतल्या स्वच्छ गराविषयीचा नाही. आमच्या मते या एका भेदातच कोरफडीविषयीचे बरेचसे शहाणपण सामावले आहे.

तर मग पान कसे काढावे? बुंध्याजवळचे बाहेरचे, भरलेले पान कापावे. कापलेली बाजू खाली करून ते एखाद्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवावे. पिवळा चीक गळून जातो. हा चीक कपड्याला लागला तर डाग सहजी जात नाही, हेही लक्षात असावे. आमच्या परिचारिकांच्या पांढऱ्या गणवेशांनी त्याचा अनुभव घेतला आहे. नंतर पान धुऊन दोन्ही कडांचे काटे काढावेत, साल जरा जाड सोलावी, आणि निघालेला गर पुन्हा पाण्याखाली धुवावा. जिभेला कडू लागला तर चीक राहिला आहे असे समजावे.

हा गर किरकोळ भाजल्यावर, उन्हाने त्वचा रापल्यावर लावावयास हरकत नाही. प्रथम भाजलेली जागा वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावी. स्वयंपाकघरातले भाजणे असो वा मोटारसायकलच्या सायलेन्सरचा चटका, पाण्याला पर्याय नाही. भाजण्यावर कोरफड लावण्यासंबंधीच्या चार अभ्यासांचा २००७ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात जखम भरण्याचे दिवस सरासरी नवाने कमी झालेले दिसले. अभ्यास लहान होते, एकमेकांशी जुळणारे नव्हते, तरीही हा आढावा कोरफडीच्या बाजूने बोलतो, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मात्र फोड मोठा असेल, कातडी पांढरी वा काळी पडली असेल, भाजणे चेहऱ्यावर, हातांवर वा गुप्तांगावर असेल, तर कोरफड, हळद, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही न लावता थेट आमच्याकडे यावे. लावलेले खरवडून काढताना रुग्णाला जो त्रास होतो, तो पाहवत नाही.

केसांच्या तेलात कोरफड घालण्याची आपली रीत जुनी आहे आणि तिला आमचा आक्षेप नाही. खोकल्यासाठी पान भाजून त्याचा रस मधातून चाटविण्याची पद्धतही अनेक घरांत आहे. त्याविषयी एकच विनंती : एक वर्षाच्या आतील बाळाला मध कोणत्याही निमित्ताने देऊ नये, बोटाला लावूनही नाही. मधातील विशिष्ट जंतूंचे बीज त्या वयाच्या आतड्यात रुजून घातक विष निर्माण करू शकते. आणि दृष्ट लागू नये म्हणून दाराला उलट्या टांगलेल्या कोरफडीविषयी आम्ही काहीच बोलणार नाही. ती महिनोन्‌महिने मातीविना कशी जगते, याचे मात्र आम्हांला कौतुक आहे. ही वनस्पती दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेते आणि रात्री उघडते; त्यामुळे तिचे पाणी फारसे खर्ची पडत नाही.

आयुर्वेदात कोरफडीला कुमारी, घृतकुमारी म्हणतात. भावप्रकाशात तिचे वर्णन आहे, कुमारी आसव वैद्य आजही देतात. वैद्याने नाडी पाहून, प्रकृती विचारून, मात्रा ठरवून दिलेल्या औषधाविषयी आमचे हे बोलणे नाही. आमचे बोलणे आहे ते ओळखीच्या माणसाने घरी येऊन विकलेल्या बाटलीविषयी.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या बाटल्यांनी खेडोपाडी शिरकाव केला. विकणारा शिक्षक असतो, विम्याचा प्रतिनिधी असतो, कधी स्वतःचाच मेहुणा असतो. नाही म्हणणे कठीण जाते. अशाच एका बाटलीच्या भरवशावर आमच्या एका भगिनीने इन्सुलिन बंद केले. तिला सांगण्यात आले होते की, इन्सुलिनची ‘सवय’ लागते आणि रसाने साखर मुळापासून जाते. बाटल्यांसाठी तिच्या यजमानांनी एक शेळी विकली. चार महिन्यांनी ती आली तेव्हा पायाची दोन बोटे काळी पडली होती. ती काढावी लागली. पाय वाचला, याचे श्रेय शस्त्रक्रिया विभागाचे. कोरफडीच्या गराने साखर काहीशी उतरते असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे, पण सर्वांत नाही. आणि गोळ्या चालू असताना रसही घेतल्यास साखर एकाएकी अतिशय खाली जाण्याचा धोकाही असतो. इन्सुलिनची जागा घेणारा कोणताही रस आजपर्यंत कोणाला सापडलेला नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणे हा १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याखाली गुन्हा आहे, हेही आपण जाणून असावे. अर्थात कागदावरची जाहिरात पकडता येते, ओसरीवरची कुजबुज पकडता येत नाही.

आता थोडे नाजूक बोलावयाचे आहे. ज्या देणगीदारांनी ती रोपे दिली होती, त्यांनीच पुढे बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी रस काढण्याचे यंत्र बसवून द्यावे आणि रोज सकाळी येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला कोरफड, दुधी व आवळा यांचा रस विनामूल्य द्यावा, असा प्रस्ताव ठेवला. रक्कम मोठी होती. विश्वस्त मंडळात तीन बैठका झाल्या. आम्ही विरोध केला. “विनामूल्य मिळणारे पुण्य तुम्ही का नाकारता?” असा प्रश्न आम्हांस विचारण्यात आला, आणि तो गैर नव्हता. रुग्णालयाचे छत त्या वर्षी गळत होते. ते देणगीदार आज समोर बसले आहेत आणि त्यांच्या अनुमतीनेच आम्ही हे सांगत आहोत. त्यांच्या मनातला रुसवा पूर्णपणे गेला आहे, असा दावा आम्ही करणार नाही.

आमच्या विरोधाची कारणे मंडळापुढे मांडली, ती येथेही सांगतो. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक माणूस वेगवेगळ्या आजाराचा असतो. एकाचे मूत्रपिंड क्षीण झालेले, दुसऱ्याला रक्त पातळ करण्याची गोळी, तिसरी गरोदर. सर्वांना एकच पेला भरून देणे म्हणजे सर्वांना एकच चष्मा लावणे. दुसरे कारण दुधीचे होते. दुधी ही आपली सौम्य, पथ्याची भाजी. पण दुधी, काकडी, दोडका या कुळातील फळांत कधीकधी कुकर्बिटासिन नावाची कडू व विषारी द्रव्ये वाढतात. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचे सांगणे साधे होते : रस काढण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा चाखावा, कडू असल्यास संपूर्ण फळ टाकून द्यावे, दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नये, आणि रस पिऊन उलटी, पोटदुखी वा अस्वस्थता वाटल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. भाजी कडू लागली तर आपण ताट बाजूला सारतो. रस मात्र औषध म्हणून नाक दाबून पितो आणि धोका तेथेच आहे. शंभर पेले भरणाऱ्या यंत्रापाशी प्रत्येक दुधी कोण चाखणार होते?

गुळवेलीचेही असेच. करोनाच्या साथीत घरोघर काढे उकळले गेले. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की, वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात त्यात असू शकते. हा वाद तज्ज्ञांवर सोपवू. सामान्य माणसापुरते एवढे पुरे की, कुंपणावरची वेल ओळखता येत नसेल तर ती उकळू नये, आणि यकृताचा आजार असेल तर विचारल्याविना मुळीच घेऊ नये.

हळदीचा उल्लेख न करता पुढे गेलो तर आपण रागवाल. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचे पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी ही घटना आहे. मात्र त्या खटल्यात सिद्ध झाले ते हे की, हळदीचा हा उपयोग आपल्याला पूर्वीपासून ठाऊक होता. हळदीने सर्व रोग बरे होतात, असे त्यात कोणीच सिद्ध केले नव्हते. फोडणीतली चिमूटभर हळद निर्धोक. परंतु मिऱ्यांचा अर्क मिसळलेल्या हळदीच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

तर अखेर ती देणगी कशाकडे वळली? पूर्वीच्या कोळशाच्या खोलीच्या जागी आज जे आहार-कक्षाचे छोटे स्वयंपाकघर उभे आहे, ते त्याच रकमेतून. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता तेथे रुग्णांच्या नातेवाइकांसमोर स्वयंपाक होतो. भाषण नसते. आमच्या आहारतज्ज्ञ बाई आणि स्वयंपाकघरातील दोन मावशी मिळून पदार्थ करतात आणि आलेल्यांना खाऊ घालतात. आरंभी तीन-चार जणी येत, त्याही बहुधा पावसापासून आडोसा म्हणून. आता खोली अपुरी पडते.

तेथे नाचणी असते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते; तांदूळ वा गहू तिच्या जवळपासही येत नाहीत. ती भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर तिच्यातील क्षार शरीराला अधिक लागू पडतात. सत्त्व काढताना चोथा फेकून देण्याची आपली सवय लहान बाळापुरती ठीक. मोठ्यांसाठी चोथ्याबरोबर बरेचसे कॅल्शियम आणि तंतूही जातात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा शहरातल्या दुकानांत नाचणीची बिस्किटे आली. त्यांत नाचणी किती आणि मैदा व साखर किती, हे पुडक्यामागे बारीक अक्षरांत छापलेले असते. चष्मा लावून वाचावे. आणि नाचणी झाली तरी ती पिष्टमयच. मधुमेही माणसाने ‘नाचणीची आहे’ म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच.

तेथे शेवग्याचा पाला असतो. शेंगा आपण आमटीत घालतो आणि पाला गुरांना किंवा उकिरड्याला, हे फार वाईट वाटण्यासारखे आहे. लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्व ‘अ’ देणाऱ्या स्वस्त भाज्यांत त्याचे स्थान फार वरचे आहे. बाळंतिणीचे अळिवाचे लाडू असतात. भाजीवर लिंबू पिळण्याचा आग्रह असतो, कारण ‘क’ जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतले लोह अधिक शोषले जाते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये असा दुसरा आग्रह, कारण चहातील टॅनिन तेच लोह अडवून धरते. पंडुरोगाने फिकट पडलेल्या सुनेला लोहाच्या गोळ्या चहाबरोबर दिल्या जातात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर द्यावी, एवढे शिकून एखादी सासू गेली तरी आमचा गुरुवार सार्थकी लागतो.

आवळ्याविषयी एक आठवण इतिहासातली. १९४० च्या सुमारास हिस्सारच्या दुष्काळात हिरड्यांतून रक्त येण्याचा स्कर्व्ही हा रोग पसरला, तेव्हा तेथे आवळ्याची भुकटी देण्यात आली होती आणि तिचा गुण आला होता. संत्र्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक ‘क’ जीवनसत्त्व आवळ्यात असते. पण मोरावळ्यात साखरही असते.

मेथीदाण्यांवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत चांगले काम झाले आहे. भिजवलेले दाणे जेवणासोबत घेतल्याने मधुमेही व्यक्तींची रक्तशर्करा काहीशी उतरते, असे तेथे दिसले. त्यांतील तंतू हे त्यामागचे एक कारण. हे डॉक्टरांना सांगून, गोळ्या चालू ठेवून करावे.

‘नैसर्गिक’ या शब्दाने होणारी आणखी एक फसगत सांगितली पाहिजे. साखर सोडून गूळ वा मध घेणारे मधुमेही आमच्याकडे रोज येतात. रक्ताला त्यातला फरक फारसा कळत नाही. मीठ सोडून सैंधव घेणारे रक्तदाबाचे रुग्णही येतात. सैंधवही मीठच, त्यातही सोडियम, आणि बहुधा आयोडीन नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको म्हटले आहे. आपल्या घरचे लोणचे, पापड आणि ताटात वरून घेतलेले मीठ धरले की ती मर्यादा दुपारीच संपते. त्याच मार्गदर्शनात रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. एवढ्या भाज्या आमच्या विश्वस्तांपैकी किती जणांच्या ताटात असतात, हा प्रश्न आम्ही विचारणार नाही.

वॉर्डात बसलेल्या आप्तांना एक विनंती विशेष आस्थेने करावयाची आहे. आजारी माणसाला भेटावयास येताना शहाळे आणण्याची आपली रीत प्रेमाची आहे. परंतु एका पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते. ज्याचे मूत्रपिंड काम करीत नाही, जो डायलिसिसवर आहे, त्याच्या शरीरात ते साठते आणि हृदय थांबण्यापर्यंत वेळ येऊ शकते. कमरख हे फळ तर अशा रुग्णाने तोंडातही घालू नये. त्यातील द्रव्य मेंदूवर परिणाम करते, उचकी लागते, भ्रम होतो. गंमत पाहा, आमच्या त्या आजोबांना पोटॅशियम कमी पडले म्हणून आम्ही धावलो आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ते वाढू नये म्हणून धडपडत होतो. एकाचे पथ्य दुसऱ्याचे कुपथ्य असते ते असे. डायलिसिसच्या रुग्णांसाठी भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावयाचे असते, म्हणजे एरवी जे आम्ही करू नका म्हणून सांगतो, नेमके तेच. म्हणून काहीही आणण्यापूर्वी परिचारिकेला विचारावे. तिने नको म्हटले तर मन मोडून घेऊ नये. फुले आणावीत, नाहीतर नुसते येऊन बसावे.

आता अखेरीस व्यवस्थेच्या दोन गोष्टी. यंदाही कोरफडीची रोपे बाहेरच्या मांडवात ठेवली आहेत. ती त्याच देणगीदारांनी दिली आहेत, याबद्दल आम्ही त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो. प्रत्येक कुंडीला नवे पत्रक बांधले आहे. ते दोन डॉक्टर, एक वैद्य आणि आहारतज्ज्ञ अशा चौघांनी वाचून सही केल्यावरच छापले आहे, आणि त्यात पान पोटात घेण्याविषयीचे ते जुने वाक्य नाही. ज्यांच्या घरी २०१४ चे पत्रक अजून असेल, देव्हाऱ्यामागे, औषधांच्या डब्यात, कॅलेंडरच्या खिळ्याला, त्यांनी कृपा करून ते चौकशीच्या खिडकीवर आणून द्यावे. आमच्या माहितीप्रमाणे त्या वेळी पत्रके आसपासच्या गावांतही वाटली गेली होती. तेव्हा शेजाऱ्यांनाही विचारावे. सूनबाईंनी आणून दिलेले ते पहिले पत्रक आम्ही आहार-कक्षाच्या भिंतीवर काचेत लावून ठेवले आहे. गुरुवारी आलात तर पाहावयास मिळेल.